तीन प्रयत्नांचा हिवाळा

कुवेतमध्ये हिवाळा आल्याचं डोळ्यांना आधी कळत नाही, कानांना कळतं. एप्रिलपासून खिडकीतला एसी अखंड घरघरत असतो. इतका, की पुढे पुढे तो ऐकूच येईनासा होतो. मग ऑक्टोबर सरता सरता एखाद्या सकाळी माझी बायको उज्ज्वला उठते, बटण फिरवते आणि घर एकदम गप्प होतं. त्या गप्पपणात सहा महिने दबून राहिलेले आवाज वर येतात. खालच्या किराणा दुकानाचं, इथल्या भाषेत बकाल्याचं, शटर. समोरच्या गच्चीवरची कबुतरं. वारा समुद्राकडून असला तर अबू हलीफाच्या किनाऱ्यावरच्या लाटासुद्धा.

यंदा हे झालं त्या दिवशी शुक्रवार होता. मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेलो, दोन घोट घेतले आणि पाय आपोआप बुटांच्या कपाटाकडे वळले. मग लक्षात आलं, आता जायचं कुठेच नाही. ते मैदानच राहिलेलं नाही. एगैलाच्या त्या उजाड पट्ट्यावर मॉल उभे राहिलेत आणि आमची शेवटची रेघ होती तिथे बहुधा आता गाड्या लावतात. पण अशी सकाळ आली की मला नव्वदच्या दशकाअखेरचा एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात आम्ही दर शुक्रवारी कॅनेडियन फुटबॉल खेळलो, आणि जवळजवळ कधीच बॉल फेकला नाही.

हा खेळ आमच्यात आणला ग्लेनने. ग्लेन आमच्या प्लांटवर मेंटेनन्स सुपरवायझर होता. कॅनडाच्या गव्हाच्या सपाट मुलखातला. आखाती युद्धात इथल्या तेलविहिरी पेटवल्या गेल्या होत्या, त्या विझवायला जी परदेशी माणसं आली त्यांत तो होता. विहिरी विझल्या, माणसं परत गेली, हा राहून गेला. पन्नाशी उलटलेली, मान कायम उन्हाने लाल, बोलणं मोजकं. तरुणपणी गावच्या संघात खेळलेला. इथे आसपासच्या कंपन्यांतले आणि शाळांतले कॅनेडियन लोक एकत्र आले, त्यांनी पाच-सहा संघांची साखळी सुरू केली, पण प्रत्येक संघाला बाराजण लागत आणि तेवढे कॅनेडियन काही मिळेनात. मग ज्याला धावता येतं तो चालेल असं ठरलं. आमच्या संघात ग्लेन धरून तीन कॅनेडियन होते. बाकी आम्ही नाशिक, जळगाव, गुहागर, केरळ आणि मनिला.

खेळ मला पहिल्या दिवशी अजिबात कळला नाही. दुसऱ्या दिवशी कळला, कारण तो मुळात सोपा आहे. बॉल लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो घेऊन पुढे सरकायचं. दहा यार्ड सरकायला तीन प्रयत्न. जमलं तर पुन्हा तीन. अमेरिकन लोक हाच खेळ चार प्रयत्नांत खेळतात; कॅनडात तीनच, म्हणून चूक करायला जागा कमी. दोन प्रयत्न फसले की तिसऱ्यात सहसा बॉलला लाथ मारून तो लांब घालवायचा, म्हणजे समोरच्यांना मागून सुरुवात करावी लागते. आमचं मैदान खडीमिश्रित रेतीचं असल्यामुळे कुणाला खाली पाडायची बंदी होती. प्रत्येकाच्या कमरेला कापडी पट्ट्या खोचलेल्या. पट्टी ओढली की धावणारा थांबला. शेवटच्या रेघेपलीकडे बॉल नेला की सहा गुण, लाथेने खांबांमधून घातला की तीन. आणि खास कॅनेडियन असा एक गुण होता. लाथाडलेला बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेघेपलीकडच्या पट्ट्यात गेला आणि त्यांना तो तिथून बाहेर काढता आला नाही, तर एक.

ग्लेनचा त्या एका गुणावर फार जीव होता.

आमच्यात बॉल फेकायचं काम, म्हणजे क्वार्टरबॅकचं, अविनाशकडे होतं. अविनाश माझ्याच विभागात इन्स्ट्रुमेंटचा इंजिनियर, जळगावचा. कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळलेला, विद्यापीठाच्या संघात. सॉफ्टबॉल खेळलेल्या माणसाचा हात वेगळा असतो. क्रिकेटवाला सीमारेषेवरून चेंडू फेकतो तेव्हा आधी चार पावलं पळतो. अविनाश उभ्या जागी कंबर फिरवायचा आणि बॉल सुटायचा. पहिल्या सरावाला त्याने माझ्याकडे असा एक फेकला, तो स्वतःभोवती फिरत, जराही न डगमगता इतका लांब आला की मी झेलायचं सोडून बघतच राहिलो. ग्लेननेही पाहिलं. त्याने अविनाशच्या हातात बॉल दिला आणि म्हणाला, "अव्ही, तू क्वार्टरबॅक."

आम्हाला वाटलं, आता काय, रोज आतषबाजी.

तसं काही झालं नाही. प्रत्येक प्रयत्नात काय करायचं हे ग्लेन रेघेबाहेर उभा राहून हाताच्या खुणांनी सांगायचा, आणि त्याच्या खुणा बहुतेक वेळा एकाच माणसाकडे बोट दाखवायच्या. तो माणूस दत्ता. दत्ता गुहागरकडचा, आमच्या कंत्राटदाराकडे पाइप फॅब्रिकेटर, मंगाफला बॅचलर खोलीत राहायचा. गावाकडे कबड्डीत नाव कमावलेलं. बुटका, रुंद, आणि कमरेची पट्टी समोरच्याच्या बोटांतून अशी सोडवून न्यायचा की ओढणारा आपल्याच रिकाम्या मुठीकडे बघत बसायचा. पहिला प्रयत्न: बॉल दत्ताला. दुसरा प्रयत्न: बॉल दत्ताला, किंवा हाताच्या अंतरावर एखादा छोटा पास. तिसरा: लाथ. सामने आम्ही चार-एक, पाच-तीन, असे जिंकत होतो. हॉकीचे आकडे वाटावेत असे.

मी टोकाला उभा राहणारा. कॅनेडियन खेळात आमच्यासारख्यांना बॉल हलायच्या आधीपासूनच पुढे धावत सुटायची मुभा असते, आणि ती मला फार आवडायची. वेग घेत रेघेपाशी यायचं, नेमक्या त्या क्षणी बॉल मागे जायचा, मी भन्नाट सुटायचो, मागे वळून बघायचो, तर दत्ता गर्दीत दोन यार्ड सरकून थांबलेला असायचा. मी रेती झाडत परत. माझ्या मागे धावून दमणारा, सलवा भागातल्या संघातला एक मल्याळी एकदा मला म्हणाला, "भाई साब, आपको बॉल तो आने वाला नहीं है. थोड़ा धीरे भागो ना."

सामना संपला की आम्ही मलबाऱ्याच्या टपरीवर जायचो. कडक चहा, परोठे, आणि वाद. वाद दर शुक्रवारी एकच: क्वार्टरबॅक कच्चा आहे, की त्याला खेळूच देत नाहीत? पहिल्या बाजूच्या लोकांचं म्हणणं सरळ होतं. अविनाश फेकतो तेव्हा निम्मे बॉल पडतात, मग ग्लेनने काय म्हणून धोका घ्यायचा? दुसऱ्या बाजूला मी होतो. मी म्हणायचो, अरे, पहिल्या प्रयत्नात दत्ता दोन यार्ड जातो. म्हणजे दुसऱ्यात आठ हवेत. आता पास येणार हे समोरच्या बारा जणांना ठाऊक असतं, ते मागे सरकून वाट बघतात, आणि अशा वेळी त्याला फेकायला सांगतात. बाजार उठल्यावर माणसाला भाजी आणायला पाठवायचं आणि म्हणायचं, याला ताजी भाजी आणता येत नाही!

अविनाश या वादात पडायचा नाही. परोठ्याचा तुकडा चहात बुडवत बसायचा. एकदाच म्हणाला, "मला एकदा पहिल्याच प्रयत्नात फेकू द्या. दत्ताची वाट बघत सगळे पुढे आलेले असतात तेव्हा. एकदाच."

"मग सांग ना ग्लेनला."

"सांगितलं. म्हणतो, वाऱ्यात फेकलेला बॉल कुणाचाच नसतो."

इथे अविनाशबद्दल आणखी सांगायला हवं. मी कुवेतला आलो तो युद्धानंतर. अविनाश आणि त्याची बायको मेधा त्याआधीपासून इथे होते. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या तेव्हा त्यांची मुलगी सई पाच वर्षांची होती. घर, गाडी, बँकेतलं सगळं जिथल्या तिथे टाकून ते बसने बगदाद, तिथून जॉर्डनच्या सरहद्दीवरच्या तंबूंत आणि तिथून विमानाने मुंबईला पोचले. जळगावच्या घरी तो उतरला तेव्हा अंगावर होते तेवढेच कपडे होते. पुढे कंपनीने परत बोलावलं, तो आला, आणि शून्यापासून सुरुवात केली. हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. मेधा सांगायची, तेही पोहे परतता परतता, जणू एखाद्या कंटाळवाण्या प्रवासाची हकीकत.

त्या अनुभवाचा दोघांवर उलटा परिणाम झाला होता. अविनाश जपून राहू लागला. गाडी ठरल्या वेगाने. इकाम्याची, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याची, मुदत संपायच्या कितीतरी आधी नूतनीकरणाची घाई. नवा फ्रीजसुद्धा घेताना महिनाभर विचार. मेधाचं म्हणणं असं, की एकदा सगळं गेलं आणि तरी आपण जगलो, मग आता भ्यायचं कशाला? त्या काळी इथल्या निम्म्या घरांत कॅनडाच्या स्थलांतराच्या गोष्टी चालत. मुलांना इथे बारावीनंतर शिकायची सोय नव्हती. त्यांना एकटं भारतात पाठवा किंवा सगळेच कुठे तरी जा. मेधाच्या आग्रहाने त्यांनीही अर्ज केला होता आणि त्या हिवाळ्यात मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत दुसऱ्या देशात जाऊन द्यायची होती. अविनाश तारीख पुढे ढकलायच्या विचारात होता.

एका गुरुवारी, तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची, आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. पापलेटचं कालवण होतं. अविनाश ग्लेनवर बोलत होता, नेहमीपेक्षा जरा जास्तच. माणूस भित्रा आहे, हातात असलेलं वापरत नाही, हरायच्या भीतीने जिंकायचं विसरलाय, वगैरे. मेधा त्याच्या पानात भात वाढत होती. वाढता वाढता थांबली.

"अविनाश, घरी तूच ग्लेन आहेस."

उज्ज्वला हसली, मग तिला कळलं की हसायचं नव्हतं. सई आतल्या खोलीतून ओरडली, "बर्न, बाबा!" म्हणजे, बाबांना चटका बसला. अविनाशने पानातला काटा काळजीपूर्वक बाजूला काढून ठेवला.

"दोन्हींत फरक आहे," तो म्हणाला.

"काय फरक?"

"खेळात हरलं तर परोठा खाऊन घरी येता येतं."

"आणि मी म्हणते, तिथूनही येता येतं. आपण एकदा आलोय, आठवतंय ना?" मेधा म्हणाली आणि कालवण आणायला आत गेली. विषय तिथे संपला. म्हणजे आमच्यापुरता संपला.

त्या हिवाळ्याचे तुकडे अजून लख्ख आहेत. डिसेंबरात एका सकाळी इतकं धुकं होतं की लाथाडलेला बॉल वर जाऊन दिसेनासा झाला आणि दोन्ही संघ आकाशाकडे तोंड करून उभे राहिले, तो कुठे पडतो याची वाट बघत. जानेवारीत पाऊस पडून गेला आणि चार दिवसांत मैदानाच्या कडेला हिरवळीची बारीक लव उगवली. दत्ताने खाली बसून तिच्यावरून हात फिरवला. लांब वाळवंटात कुवेती कुटुंबांचे हिवाळी तंबू लागलेले असायचे, त्यांच्या लाकडांचा धूर वाऱ्यावर यायचा. सामन्याआधी ग्लेन मूठभर रेती वर सोडून वारा बघायचा. वारा पाठीशी असला की त्याचा चेहरा खुलायचा. पण त्याचा उपयोग तो फेकायला नाही, लाथेला करायचा.

अविनाश आणि ग्लेनची बाचाबाची झाली ती जानेवारीतच. सामना आम्ही जिंकलो होतो. गाडीपाशी अविनाश म्हणाला, "मला जमत नाही असं वाटत असेल तर दुसरा कुणी बघा." ग्लेन बूट काढत होता. म्हणाला, "तुला जमतं. म्हणून तर तू आहेस." "मग फेकू का देत नाही?" ग्लेनने एक बूट आपटून रेती काढली. "आपण जिंकतोय, अव्ही," तो म्हणाला. आणि मग, विषय तोच असल्यासारखं, "कॅनडाचं ऐकलं मी. माझा मेहुणा इंजिनियर आहे. बराच काळ घरी बसून होता. इथे तुला प्लांट ओळखतो. नीट विचार कर." त्याने ते मनापासून सांगितलं होतं, हे मला तेव्हाही दिसलं.

मार्चमध्ये धुळीची वादळं सुरू व्हायच्या आत शेवटचा सामना असायचा. तो सलव्याच्या संघाशी होता. त्यांचा क्वार्टरबॅक एक तरुण कॅनेडियन शिक्षक, बिनधास्त फेकणारा. साखळीत आम्ही पुढे होतो, म्हणून बरोबरी झाली तरी चषक आमचा असा नियम होता. त्यांना जिंकणं भाग होतं. आम्हाला न हरणं पुरेसं होतं. ग्लेनसाठी याहून चांगली परिस्थिती काय असणार?

अर्ध्या वेळेला ते सात, आम्ही चार. आणि नेमका तेव्हा ग्लेनचा पेजर वाजला. प्लांटवर काही तरी बंद पडलं होतं. त्याने टपरीवर जाऊन फोन केला, परत आला आणि गाडीची किल्ली काढली. "अव्ही, आता खुणा तूच ठरव," तो म्हणाला. "शेवटच्या भागात वारा आपल्या पाठीशी येईल. डोकं ठिकाणावर ठेव." धूळ उडवत गाडी गेली. सगळे अविनाशकडे बघू लागले.

त्याने पहिल्याच प्रयत्नात फेकला. माझ्याकडे, लांब. हिवाळाभर ज्या एका पासासाठी मी धावलो तो माझ्या डोक्यावरून गेला. दुसऱ्या प्रयत्नात पुन्हा फेकला आणि तो सरळ सलव्याच्या माणसाच्या हातात. त्यांनी त्यावर तीन गुण मिळवले. दहा-चार. कडेला उभ्या असलेल्या मेधाच्या शेजारी आमच्यातलाच एकजण मोठ्याने म्हणाला, "बघा! म्हणून ग्लेन देत नव्हता." मेधाने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

दत्ता अविनाशजवळ गेला. "साहेब, आता मला द्या. जरा दम घ्या तुमी."

अविनाशने त्याला बॉल दिला. एकदा, दोनदा. मग दत्ताला दिल्यासारखं दाखवून छोटा पास. पुन्हा दत्ता. मग पहिल्याच प्रयत्नात मधल्या अंतराचा पास, मला, आणि मी झेलला. तेव्हा खडीवर घसरून गुडघा सोलला, त्याचा व्रण अजून आहे. समोरच्यांना आता पुढे यावं की मागे राहावं कळेना. दत्ता मधल्या फटीतून सुटला आणि शेवटच्या रेघेपलीकडे जाऊन थांबला. सहा गुण. दहा-दहा. पुढच्या खेपेला सलव्याने लाथेचा तो एक गुण मिळवला. अकरा-दहा, आणि वेळ संपत आलेली.

शेवटचा बॉल आमच्याकडे आला. वारा पाठीशी. आम्ही त्यांच्या भागात बरेच आत गेलो, पण मग दोन प्रयत्नांत दहा यार्ड पुरे झाले नाहीत, आणि खांबांमधून घालायला अजून लांब होतो. तिसरा प्रयत्न. लाथ मारायची, बॉल त्यांच्या शेवटच्या पट्ट्यात घालायचा, एक गुण, बरोबरी, चषक. संघातले सगळे लाथ मारणाऱ्या फिलिपिनोकडे वळलेसुद्धा. पण मागे सलव्याचा एक लांब टांगांचा पोरगा उभा होता. असे दोन बॉल त्याने त्या दिवशी बाहेर काढले होते.

अविनाश आम्हाला गोल करून म्हणाला, "फेकणार आहे. श्रीकांत, डावा कोपरा."

"अरे, लाथ मार!" दोघे-तिघे एकदम म्हणाले.

"ते त्याचीच वाट बघतायत," अविनाश म्हणाला. आवाज अगदी साधा होता. प्लांटवर मीटरचं रीडिंग सांगताना असायचा तसा.

मी वेग घेत रेघेपाशी आलो, सुटलो. कोपऱ्यापाशी वळून पाहिलं तर बॉल निघालेला होता. उन्हात फिरणारा, वाऱ्यावर अलगद उचललेला, नेमका तिथे येणारा जिथे मी आणखी दोन पावलांनी असणार होतो. मी हात वर केले. बॉल बोटांना लागायच्या अगदी आधी त्या लांब टांगांच्या पोराने कुठून तरी झेप घेतली आणि त्याच्या नखांनी बॉलची दिशा बदलली. तो माझ्या खांद्यावर आपटून बाहेर गेला. सामना संपला.

पुढचा अर्धा तास काही सुखाचा नव्हता. चषक हातात आलेला टाकला, असं दोघांनी तोंडावर सांगितलं. एकजण तसाच निघून गेला आणि पुन्हा कधी खेळायला आला नाही. दत्ता रेतीत बसून पट्ट्या गोळा करत होता. म्हणाला, "बॉल झ्याक होता साहेब. पन माज्याकडं दिला असतात तर मी गेलो असतो." अविनाश म्हणाला, "गेला असतास." सईला फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता, ती गाडीच्या बॉनेटवर बसून होती. बाप जवळ आल्यावर म्हणाली, "दॅट वॉज सो क्लोज, बाबा." मेधाने पाण्याची बाटली दिली. ती काय म्हणेल याकडे माझे कान होते. ती म्हणाली, "गुडघ्याला काही लावा, श्रीकांत भावजी. रक्त येतंय."

शनिवारी प्लांटच्या कॅन्टीनमध्ये ग्लेन ताट घेऊन आमच्या टेबलावर आला. त्याला सगळं कळलेलं होतं. थोडा वेळ जेवला.

"मी लाथच मारायला सांगितली असती," तो म्हणाला.

"माहीत आहे," अविनाश म्हणाला.

"बॉल चांगला होता?"

"आयुष्यातला सगळ्यात चांगला."

ग्लेनने मान हलवली आणि डाळीत पाव बुडवला. अविनाशची बाजू घेतली नाही, रागही धरला नाही. तो तसाच होता. आजही मला वाटतं, त्या दिवशी लाथ मारली असती तर कदाचित आम्ही जिंकलो असतो. कदाचित त्या पोराने तो तिसरा बॉलही बाहेर काढला असता. या वादाचं उत्तर मैदानावर मिळत नाही, टपरीवर तर नाहीच.

अविनाश महिन्याभरात मुलाखतीला गेला. त्या पासामुळे गेला असं मी म्हणणार नाही; मेधाला विचाराल तर ती म्हणेल, तो जाणारच होता, फक्त त्याला स्वतःला कळायला वेळ लागला. त्यांचं काम झालं. तिथे सुरुवातीला अवघड गेलं, ग्लेनने सांगितलं होतं तसंच. अविनाशने आधी गोदामात काम केलं, मग तंत्रज्ञ म्हणून, आणि पुष्कळ उशिरा इंजिनियर म्हणून. मेधा पाळणाघरात लागली आणि आता स्वतःचं चालवते. सई शिकली, तिथेच नोकरीला आहे, फोनवर माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलून इंग्रजीत सटकते. एकदा मी अविनाशला विचारलं, बरं केलंस ना गेलास ते? तो म्हणाला, "अर्ध्या गोष्टी बऱ्या झाल्या. उरलेल्या अर्ध्यांचं अजून चालू आहे." मला ते उत्तर आवडलं. पूर्ण बरं झालं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

ते गेले तो दिवस जूनमधला. सकाळचं विमान होतं, आणि सकाळीच इतकं ऊन की विमानतळाच्या काचेला हात लावता येत नव्हता. मेधाने आदल्या दिवशी पुरणयंत्र आणि मोठा कुकर आमच्याकडे आणून दिला होता. ग्लेन आला, अविनाशशी हात मिळवला, थंडीचे बूट कुठल्या दुकानातून घ्यायचे ते सांगितलं आणि ड्युटीवर गेला. दत्ता सुट्टी न मिळाल्यामुळे येऊ शकला नाही. मेधा आणि उज्ज्वला बराच वेळ एकमेकींना धरून उभ्या होत्या. मग ते तिघं आत गेले, आणि काचेपलीकडे दिसेनासे झाले.

परतताना मी गाडी चालवत होतो. उज्ज्वला शेजारी. डाव्या हाताला मधून मधून समुद्र दिसत होता, पांढराफटक, उन्हाने विटलेला. ती म्हणाली, "अहो, आपण का नाही केला अर्ज?"

मी खरं तेच सांगितलं. इथलं काम मला आवडतं. नाशिकला आई-वडील आहेत, इथून पटकन जाता येतं. आणि खरं सांगायचं तर मला इथे बरं वाटतं.

"मलाही इथे बरंच वाटतं," ती म्हणाली. "मी कुठे जाऊ या म्हणतेय?"

मला हायसं वाटलं. मी रेडिओकडे हात नेला.

"पण मला विचारलं नव्हतंत तुम्ही," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं तिने सांगितलं. मी हात परत स्टिअरिंगवर ठेवला. फिंतास मागे पडलं. मी म्हटलं, "मग आता विचारू?"

मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. काचेतून समुद्राकडे बघत विचार करू लागली. ती खरोखरच विचार करते आहे हे लक्षात आलं, तेव्हा मी गाडीचा वेग कमी केला.